वेलीवरच्या द्राक्षांचा नफा

कोरेगावच्या हायस्कुलात जंगम सरांनी मला ताळेबंद शिकवला नसता, तर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो नसतो आणि पुढे सांगलीच्या आर्थिक गुन्हे शाखेतही पोहोचलो नसतो. त्याच शिक्षणाच्या भरवशावर ज्या तपासात मी चुकणार होतो, तो अजून मनातून जात नाही.

द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या भागीदाराचा तक्रार अर्ज आला. हिशेबनिसाने एकाच वर्षाचे दोन ताळेबंद केले होते. इथल्यात तोटा, ब्राझीलच्या गुंतवणूकदाराला पाठवलेल्यात नफा. दोन्हींच्या प्रती सोबत जोडलेल्या.

दोन ताळेबंद म्हणजे लबाडी, हे माझ्या मनात पक्के होते. हिशेबनीस पन्नाशीचा, शांत. शांत माणसाचा मला जास्तच संशय यायचा. चार दिवस रोज ठाण्यात बसवले, तरी जबाबात तो एकच सांगत राहिला. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांचे नाव एक असले, तरी आपल्यासारखे उभरते देश ती आपापल्या कायद्यात बसवून लावतात. ब्राझीलमध्ये वेलीवरच्या द्राक्षांचीही बाजारभावाने किंमत धरतात. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना तोच नियम आहे. छोट्यांना मात्र जुनी पद्धत चालते, माल विकल्याशिवाय नफा नाही.

"न तोडलेल्या द्राक्षांचा नफा? आम्हाला खुळे समजता?" मी विचारले.

"दोन्ही खरे आहेत, साहेब. फरक कुठून आला, त्याचा तक्ता मी सोबत दिला होता."

अर्जासोबत तक्ता नव्हता. मी अटकेची तयारी करायला सांगितले.

कागद लावणारे आमचे हवालदार तासगावकडचे, घरची बाग असलेले. ते म्हणाले, "सायेब, बाग उभी आसतानाच व्यापारी दर ठरवून जातोय. मग घड येलीवर हाय म्हनून त्यो माल न्हाई व्हय?"

हे खरे, तर तक्ताही असेल म्हणून मी प्रती पुन्हा चाळल्या. ब्राझीलच्या ताळेबंदात पान अकरानंतर थेट तेरा. गुंतवणूकदाराकडून मूळ प्रत मागवली. बारावे पान म्हणजेच तो तक्ता. संशय फिरला. अर्जदाराला बोलावून दोन्ही प्रती समोर ठेवल्या. हिशेबनीस आत गेला की गुंतवणूकदार घाबरून हिस्सा आपल्याला स्वस्तात विकेल, हा बेत त्याने तासाभरात कबूल केला.

अडाणीपणापेक्षा चांगल्या गुणांनी पास झालेले ज्ञान तपास अधिकाऱ्याला जास्त फसवते, हे मी तिथे शिकलो. त्याच आठवड्यात सरांना पत्र लिहिले:

"सर, विकल्याशिवाय नफा नाही, हा तुम्ही शिकवलेला नियम बरोबर होता. तो साऱ्या जगाचा आहे असे धरून चाललो, ही चूक माझी. एका सरळ माणसाला मी चार दिवस चोर समजून ठाण्यात बसवले. काल माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. मला दारात पाहताच त्यांच्या पत्नीने निमूटपणे त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मी कशासाठी आलो, हे सांगेपर्यंत पिशवी भरून झाली होती."