सातव्या फळीवरचं हिरवं पाकीट

थ्येन-लायने अडतीस वर्षं लेथवर काढली. स्क्रू पिळताना त्याची बोटं कुठं थांबायचं ते जाणत. अर्धा फेरा जास्त दिलेला त्याला खपत नसे, कमी दिलेला तर मुळीच नाही. मी हमाल. यंत्रं चढवली, उतरवली. आमच्या सानचोंगच्या गल्लीत आम्ही दोघं समोरासमोर राहतो.

त्याची मुलगी यू-फान देवळांच्या छपरांवरचे ड्रॅगन संगणकावर घडवते. त्या वर्षी तिला पहिलंच मोठं काम मिळालं होतं, पूर्ण छपराचं. आमच्या पंचांगातला सातवा, भुतांचा महिना लागला की देवळाच्या छपराला कोणी हात लावत नाही. त्याआधी चित्रं सुताराकडे गेली नाहीत, तर काम दुसऱ्याला. तिचा संगणक एक ड्रॅगन उघडतानाच धापा टाकायचा. नवा घेणं दोघांच्याही आवाक्यात नव्हतं.

त्याच सुमारास नदीपलीकडची एक सर्व्हरची खोली मोडीत निघाली. यंत्रं खाली आणायला मी होतो.

थ्येन-लाय म्हणाला, "दादा, सातव्या फळीवरचं एक मला हवंय."

"सगळी सारखीच आहेत रे."

"सातव्याच."

मग मला आठवलं. त्याची बायको सू-ओ त्या खोलीत पाळीवर असायची, सातवी फळी तिच्याकडे होती. सहा वर्षांपूर्वी गेली. मी भंगारवाल्याला सांगून वजनाच्या भावात ते यंत्र मिळवलं आणि पाठीवरून तीन जिने चढवलं.

त्याने झाकण काढलं. आत, प्रोसेसरांच्या शेजारी, हिरवं पाकीट खोचलेलं होतं. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरीत फुगे, मुलांचा खाऊ. आमच्याकडे यंत्राने गुण उधळू नयेत म्हणून हे पाकीट ठेवतात. हिरवंच लागतं, मुदत संपलेलं चालत नाही, आणि ते फोडून खायचं नाही. पाकिटावर सू-ओचं अक्षर होतं: 'शहाण्यासारखं राहा. मी सकाळी येते.' खाली तारीख. तिच्या शेवटच्या पाळीची. दुसऱ्या सकाळी ती उठलीच नव्हती.

थ्येन-लायने पाकीट पुसलं आणि पितरांच्या देव्हाऱ्यात तिच्या फोटोजवळ ठेवलं. मग कामाला लागला. दोन्ही जुने प्रोसेसर काढून दुसऱ्या मोडीतली वेगवान जोडी बसवली. उष्णता ओढून घेणारा लेप तांदळाच्या दाण्याएवढा, स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे पिळत. मेमरीच्या सोळा पट्ट्या खोडरबरने घासून लावल्या. चित्रांचं कार्ड मावेना, तेव्हा झाकणाला कानशीने खाच पाडली. आठ दिवस गेले.

यंत्र सुरू झालं. यू-फानने अख्खं छप्पर उघडलं आणि हसली. चाळिसाव्या मिनिटाला यंत्र बंद पडलं.

दुसरा प्रोसेसर तापत होता. थ्येन-लायने तो तीनदा काढून बसवला. दर वेळी तेच. बंद असतानाही आतला एक हिरवा दिवा लुकलुकत राही, श्वास घेतल्यासारखा. एकदा गल्लीतली वीज जाऊन आली. कोणी बटण दाबलं नव्हतं, तरी सगळे पंखे एकदम किंचाळले. सर्व्हर तसेच असतात, वीज आली की आपोआप उठतात. ठाऊक असूनही माझ्या मानेवर काटा आला.

यू-फान म्हणाली, "बाबा, आईची वाट बघतंय ते. तिने सांगितलंय ना, सकाळी येते म्हणून."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत. नऊ दिवस उरलेत."

थ्येन-लाय त्यानंतर त्या दिव्याकडे पाठ करून बसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्राजवळ हात धरला. पंख्यांचा वारा पुढून येत होता, पण दुसऱ्या प्रोसेसरपर्यंत पोचत नव्हता. बाजूला तळहाताएवढी फट होती, तिथून निसटत होता. कधीकाळी तिथं प्लास्टिकची आडकाठी असावी. तुटली असेल.

"इथं काय होतं?" मी विचारलं.

थ्येन-लायने वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तिने खोचलं होतं," तो म्हणाला. "बुजवायला."

"पुठ्ठा लाव. मी कापून देतो."

"पुठ्ठा नको, काका," यू-फान म्हणाली. "बाबा, आईचंच ठेवा परत."

त्याने पाकीट हातात घेतलं. बराच वेळ उलटसुलट केलं. "मुदत संपलीय," तो म्हणाला. "संपलेलं ठेवत नाहीत." ते पुन्हा फोटोजवळ ठेवून तो खाली दुकानात गेला आणि तेवढंच मोठं नवं घेऊन आला. त्यावर लिहिलं: 'शहाण्यासारखं राहा.' पेन तिथंच थांबलं. पुढची ओळ त्याने लिहिली नाही. फटीत खोचलं. किंचित सैल वाटलं, म्हणून काढून, कडा दुमडून, पुन्हा खोचलं.

यंत्र सहा दिवस अखंड चाललं. सातवा महिना लागायला दोन दिवस असताना छप्पर सुताराकडे पोचलं.

परवा दुपारी मी त्याच्याकडे चहा पीत होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वीज गेली, आली. आतल्या खोलीत पंखे किंचाळले आणि हळूहळू शांत झाले. थ्येन-लायने कप खाली ठेवला नाही.

"झोप," तो त्या खोलीकडे न बघता म्हणाला. "सकाळ व्हायचीय अजून."