बेटावर लावलेला चारा

मोशीच्या इंद्रायणीत माझ्यावाणी मासे धरणारा दुसरा माणूस न्हवता. त्या रविवारी सात बाया मला नदीत गळ टाकू देत न्हवत्या, आन मी त्यांच्यापुढं हात जोडून हुबा व्हतो.

मागं भाऊसाहेब घड्याळ बघत व्हते. त्यांच्या मागं साहेब, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला.

झालं असं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्सं झालेली. पिंपरीकडं नवी कंपनी हुबी राहात व्हती. मशिनी बसवायला हा साहेब बाहेरदेशातनं आलेला. भाऊसाहेब म्हंजी तिथले हेडक्लार्क. त्यांनी मला बोलावून सांगितलं, साहेबाच्या मुलखात समुद्रात एक टीचभर बेट हाय. तिथं खडकावर हुबा राहून तो मासे धरायचा. समुद्रात वाढतो आन अंडी घालायला नदीत शिरतो, असला कायतरी मासा. इथं त्याला करमत न्हाई. येत्या न्हाई, त्याच्या पुढल्या रविवारी त्याच्या गळाला एक मोठा मासा लागला, तर गेटवर वॉचमनची जागा तुझी. पर्मनंट.

मला ती जागा पायजेच व्हती. वीस वर्सं गार पाण्यात हुबं राहून गुडघे कामातनं गेले व्हते. वॉचमनला बसायला स्टूल देतात, एवढं मी ऐकून व्हतो.

समुद्र काय मी बघितला न्हवता. पर आमच्या नदीत बेट व्हतं. दोन बाभळी आन चार खडक. कडंच्या डोहात खडस. खडस म्हंजी मोठ्या खवल्यांचा, लई जोराचा मासा. तो सहजी गळाला येत न्हाई, म्हणून आमी चारा लावतो. एकाच जागी, एकाच वक्ताला, रोज कणकेच्या गोळ्या टाकायच्या. आठ दिवसांत माशाला सवय लागती, वाट बघत बसतो. मग एक दिवस गोळीत गळ.

चारा लावलेली जागा आमी कुणाला सांगत न्हाई. दुसरा येऊन जाळं टाकून जातो. बेटापाशी चारा सुरू केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी धुणं धुताना गावातल्या ठकूआत्यानं हटकलं, कणीक पाण्यात का घालतोस म्हणून. मी सांगून टाकलं, गुडघ्यासाठी नवस केलाय, माशांना घास घालतो. थाप जमली म्हणून वाटंनं हसत घरी आलो.

आत्याची कंबर धरलेली. तिसऱ्या दिवशी तिनंबी दोन गोळ्या टाकल्या. पाचव्या दिवशी पाच बाया. आत्याची कंबर मोकळी झाली. माझे गुडघे तसेच. आठव्या दिवशी खडकाला कुंकू लागलं. मी म्हटलं, बरंच हाय, फुकटची कणीक, मासे वाढतील. वाढले बी.

आन रविवारी ह्या बाया बेटावर येऊन बसल्या. नवसाच्या माशाला गळ लावायचा न्हाई.

मग मी खरं बोललो. “आत्या, नवस बिवस काय न्हवता. चारा लावला व्हता. मी लबाड बोललो.”

“नोकरीपायी देवाला खोटा पाडतोस व्हय रं धोंड्या?”

“आगं, तुझ्या गळ्याची शपथ.”

“मग माझी कंबर कशी बरी झाली?”

जन्मात एकदा खरं बोललो, तर तेच कुणाला पटंना.

भाऊसाहेबांनी साहेबाला बायांचं म्हणणं समजावलं. त्यानं गळाची काठी खाली ठेवली, आत्याकडनं एक गोळी मागून घेतली आन पाण्यात सोडली. त्याच्या बुटापाशी हातभर खडस वर आला. साहेब लई येळ बघत राहिला. मग काठीची दोरी गुंडाळून जीपमधी जाऊन बसला.

भाऊसाहेब म्हणाले, “धोंडिबा, मासा दाखवतो म्हणाला होतास, दाखवलास. पण अर्जात मी काय लिहू? मासे पाळतो?”

वॉचमनची जागा दुसऱ्याला गेली. गावानं ठरवलं, बेटावर कुणी मासा धरायचा न्हाई. माझी सगळ्यात चांगली जागा गेली, आन धंद्याला मैलभर वर जावं लागलं, त्याच गुडघ्यांनी. जागा लपवायची तर गप ऱ्हावं, कारण सांगू न्हाई. एवढं शिकायला येवढं सगळं घालवलं.

घरी बायकोला, सारजाला, सांगितलं. वाटलं, चार गोड शब्द बोलंल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “गुडघ्यांचं ऱ्हाऊ द्या. नवस अकलेसाठी करायचा व्हता.”