अनवाणी संघाचे बूट

सौदीतल्या जुबैलमध्ये दर हिवाळ्यात आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावांची फुटबॉल स्पर्धा होते. पोटं सुटलेले सुपरवायझर अर्धा तास धापा टाकतात आणि तासभर हारतुरे घेतात. यंदा कमिटीला स्मरणिकेची हुक्की आली. दोन महायुद्धांच्या मधल्या एका साली आमच्या गावाने तालुक्याचा कप आणला होता, त्या सालच्या घडामोडी लिहायचं काम अध्यक्षांनी माझ्या गळ्यात मारलं. अध्यक्ष कंत्राटदार, जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही.

मी गावी फोन करकरून माहिती जमवली. त्या साली खाडीत लाँच येऊ लागली, पटकीने माणसं गेली, आणि फायनलनंतर शेजारच्या गावाशी अशी मारामारी झाली की दोन वर्षं सोयरिकी बंद. अध्यक्षांनी पटकी कापली. मारामारीच्या जागी 'खेळीमेळीचे वातावरण' आलं. लाँच राहिली, पण ती म्हणे त्यांच्या आजोबांच्या प्रयत्नांनी सुरू झाली होती!

मला त्या स्मरणिकेचं काडीचं कौतुक नव्हतं. मला फोटो हवा होता. गावातल्या कुणाच्या पेटीत संघाचा फोटो सापडला होता, मागे नावं लिहिलेली. उभे, डावीकडून तिसरे माझे आजोबा. ते खलाशी, दुसऱ्या महायुद्धात बोटीबरोबरच बुडाले. अब्बा तेव्हा पाळण्यात. बापाचा चेहरा त्यांनी कधीच पाहिला नव्हता, आणि आता नजर चालली होती. "डोले जायच्या आत दाखव," एवढंच म्हणाले होते. पण फोटो अध्यक्षांच्या ताब्यात, आणि प्रकाशनाआधी तो कुणाला दाखवणं त्यांच्या इभ्रतीत बसेना.

स्मरणिका हातात आली. अनवाणी खेळून कप जिंकणाऱ्या अकरा जणांच्या पायांत कॉम्प्युटरवर चढवलेले चकचकीत बूट!

मी तिथेच भडकलो. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ज्याच्या नावावर माझा धंदा चालतो, तो अरब कफील पाहुणा येतोय. त्याला काय भिकारडे पाय दाखवू? खलास, छापून झालं."

घरी येऊन मी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला, पान कॅमेऱ्यासमोर धरलं. अध्यक्षांची अक्कल अब्बांपुढे काढायचीच, असं ठरवून बसलो होतो.

अब्बांनी फोन डोळ्यांशी नेला. बराच वेळ चेहरा पाहिला. मग नजर खाली गेली.

"माज्या बावाला बूट व्हते?" ते रडायलाच लागले. "आई सांगायची, अनवाणीच बोटीवर गेला."

"होय अब्बा," मी म्हणालो, "चांगले नवे कोरे होते."