शेजारणीच्या फ्रीजसाठी

क्लॅरी होगन म्हणजे माणूस सोन्याचा. साखर कारखान्याची उसाची आगगाडी त्याने जन्मभर हाकली, आणि निवृत्त झाल्यावर तो खाडीवर गळ टाकून बसू लागला. मिळालेली बारामंडी मासळी निम्मी गल्लीत वाटायचा. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्या घरी त्याचाच मासा शिजतोय. अशा माणसावर मला एकदा ओरडावं लागलं.

चक्रीवादळाने सगळ्या गावाची वीज गेली होती. मी लाइनमन. क्लॅरीच्या गल्लीतल्या तारा दोन्हीकडून तुटल्या होत्या. मधल्या खांबावर त्याचं आणि शेजारच्या नेस्टाचं, अशी दोनच घरं उरली होती. त्या तारेत वीज नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तरी हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, हा आमचा नियम. मी खांबावर चढून कंटाळत लावला. तो किंचाळायला लागला.

मी खाली उतरलो आणि कुठूनतरी येणाऱ्या इंजिनच्या आवाजाच्या दिशेने पळत सुटलो. क्लॅरीच्या गॅरेजमागे जनरेटर धडधडत होता. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलेली. घरी बनवलेली, दोन्ही टोकांना पिना.

“ये लेका, चहा टाकलाय,” क्लॅरी म्हणाला.

“मेन स्विच बंद केलास का?”

“छे. तो बंद केला तर बाहेरच्या तारेवरून नेस्टाकडे वीज कशी जाणार? खेकड्यांनी भरलाय तिचा फ्रीज. बिचारीचं सगळं नासेल.”

म्हणजे हा विसरला नव्हता. मुद्दाम चालू ठेवला होता, शेजारधर्म म्हणून.

“क्लॅरी, ती तार मी आत्ता हातात धरणार होतो.”

त्याचा चेहरा पडला. “थांब, काढतो,” म्हणत तो सॉकेटकडे वळला.

“हात लावू नकोस! उपटलीस तर त्या उघड्या पिनांत वीज असेल, मेल्या. आधी इंजिन.”

इंजिन मीच बंद केलं. मग तोंडाचा पट्टा सोडला. फ्रीजची वायर थेट जनरेटरला लावायची. नेस्टासाठी कुंपणावरून एक जाड एक्स्टेन्शन टाकायची. सगळं घर चालवायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा, म्हणजे घराची वीज बाहेरच्या तारेवर जातच नाही. इतकं सोपं होतं, गाढवा.

क्लॅरीचं लक्षच नव्हतं. तो कुंपणापलीकडे बघत होता. नेस्टाच्या घराकडे जाणाऱ्या तारेवर एक मोठी फांदी अडकली होती, आणि तिथे तारेचं वेष्टण सोलवटून निघालं होतं. खाली ॲल्युमिनियमची शिडी लावलेली.

“चहा झाला की ती फांदी कापणार होतो,” तो हळूच म्हणाला. “गावची वीज नाही तोवर उरकून टाकू, असं मीच सुचवलं तिला. ती वर चढणार होती. शिडी मी धरणार होतो.”

नेस्टा करवत घेऊन अंगणात आली. “झाला का रे चहा?” तिने विचारलं.

क्लॅरीने कुंपण ओलांडून तिच्या हातातली करवत काढून घेतली.