सत्काराची शाल

एम.एस.साठी परदेशी जायचं म्हणून मी आमच्या समाजाच्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. अध्यक्षकाकांनी त्यावर स्वतःच्या हाताने शेरा मारला, ‘मुलीचं लग्न ठरेल, पैसे वाया जातील,’ आणि अर्ज परत पाठवला. मी तो जपून ठेवला, बाहेरची फेलोशिप मिळवली आणि गेले.

शिकून परतले, तर माणिकपूरच्या नाक्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स! ‘आमच्या ट्रस्टची शान’, शेजारी हात जोडलेले काका. अंगाची नुसती लाही लाही झाली.

सत्काराला मी तोच अर्ज घेऊन गेले. काकांनी मला शाल पांघरवली, नारळ दिला, माईक पुढे केला. मी त्यांचा शेरा मोठ्याने वाचला, खालच्या सहीसकट. मग माईक काकांच्याच हातात परत दिला.

शाल मी परत केली नाही. गावी, उमेळ्याच्या घरी, आमचा कुत्रा तिच्यावर झोपतो.