ट्रॅपिझियमचा वचपा

पी, टी आणि झेड. नव्वदच्या दशकातल्या एका गणेशोत्सवात, आमच्या नेरूळच्या सोसायटीत, ही तीन अक्षरं फळ्यावर लिहिली होती. तिन्ही अक्षरं ज्यात येतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायचा. स्पर्धा सेक्रेटरीकाकांच्या डोक्यातून निघालेली. त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत होती, आणि स्पर्धा तिच्यासाठीच काढलीय हे वॉचमनलाही कळत होतं.

मी मराठी शाळेत, आठवीला. आमच्या भूमितीच्या पुस्तकात समलंब चौकोनाशेजारी त्याचं इंग्रजी नाव छापलेलं असे. तेच मी लिहून दिलं.

काका माइकवर एकेक चिठ्ठी वाचत होते. माझं नाव घेतलं तशी पहिल्या रांगेतल्या आईने टाळ्या वाजवल्या. आई साताऱ्याकडची, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. इंग्रजीशी दोघांचा संबंध नाही. तिला वाटलं, नाव पुकारलं म्हणजे नंबर आला. काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

“ट्रॅपिझियम? असा वर्डच नसतो बेटा. मराठी मीडियमचा स्पेशल दिसतोय.” मग आईकडे बघून म्हणाले, “चला, आईला तरी आवडला.”

अख्खा मांडव हसला. सगळे हसताहेत म्हणून आईही हसली, आणि मग हळूहळू तिचे हात पदरात गेले. काकांची मुलगी ‘टोपॅझ’ या पाच अक्षरी शब्दावर पहिली आली. तिचा मला राग नव्हता. राग बापाचा होता, आणि तो मी वर्षभर नीट सांभाळून ठेवला. दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या डिक्शनरीत शब्द सापडला, पण मी कुणाला बोलले नाही. जिन्यात काकांना एकट्याला गाठून ऐकवण्याने माझं भागणार नव्हतं. त्या माणसाने माइकवर हसं केलं होतं, मला तो माइकवरच हवा होता.

त्यानंतर आई कुठल्याही कार्यक्रमात पुढे बसली नाही. हळदीकुंकवालाही चपलांपाशी उभी राहायची.

वर्षभर मी शब्द शोधले. वाण्याकडच्या पुडीचा इंग्रजी कागद, साबणाचं वेष्टण, स्टेशनबाहेरच्या क्लासेसच्या पाट्या, काहीही सोडलं नाही. शब्द पुढून शोधायचा नाही हे मला लवकर कळलं. त्याची शेपूट आधी धरायची. एक चांगली शेपूट लावली की टी, आय, ओ, एन फुकटात मिळतात, मग उरलेल्या अक्षरांपुरतं धड शोधायचं. भांडी घासताना आई विचारायची, “काय पुटपुटतीस गं?” मी म्हणायचे, अभ्यास.

पुढच्या गणपतीत माइकशेजारी स्टुलावर नवी जाडजूड डिक्शनरी आली. तिलाही हळदकुंकू वाहिलेलं. काकांनी नियम सांगितला, “ज्या वर्डवर डाउट येईल तो इथे सगळ्यांसमोर बघणार, मीनिंगसकट वाचणार. लास्ट इयरसारखी गंमत नको.” आणि चक्क आमच्याकडे पाहिलं. मी आईला दंडाला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. ती अवघडून खुर्चीच्या टोकावर बसली होती.

फळ्यावर आर, एम, आय आली. माझ्याकडे ‘मिसअंडरस्टँडिंग’ तयार होता, सोळा अक्षरांचा. त्याच्यापुढे कुणी टिकलं नसतं. पण आर, एम, आय आणखी कशात येतात ते मला दिसलं, आणि बक्षिसाचं काय ते मी तिथेच सोडून दिलं.

काकांनी माझी चिठ्ठी उघडली, क्षणभर थांबले आणि घाईघाईने म्हणाले, “ट्रॅपिझियम. नऊ लेटर. नेक्स्ट.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मधल्या वर्षात कधीतरी शब्द बघितला होता, आणि दोन मजले चढून तेवढं सांगायला त्यांना जमलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. मी उभी राहिले.

“काका, असा शब्दच नसतो. गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतं. डिक्शनरीत बघा ना.”

“असतो, असतो. बस खाली.”

“मला डाउट आहे काका.”

मागून कुणीतरी हसलं. चेअरमन आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, “बघा हो, रूल आपलाच आहे.”

काकांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली. माइक चालूच होता. पानांची फडफड साऱ्या मांडवात ऐकू येत होती, आणि मला ती लवकर संपायला नको होती. शेवटी त्यांनी इंग्रजी अर्थ वाचला. आजोबा म्हणाले, “मराठीत सांगा, बायकांनाही कळू दे.” काका घाम पुसत म्हणाले, “फिगर आहे. चार साइडची. दोन साइड पॅरेलल. आहे हा वर्ड.”

“गेल्या वर्षीपण होता?” मी विचारलं.

“होता,” ते माइकवर म्हणाले.

पहिलं बक्षीस पुन्हा त्यांच्या मुलीलाच मिळालं, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’वर. मिळू दे. मला हवं होतं ते मी घेतलं होतं, आणि काकांचा उतरलेला चेहरा आजही आठवला की बरं वाटतं.

जिना आई माझ्यापुढे चढली. आमच्या दारापाशी कुलपात किल्ली घालून ती थांबली.

“म्हंजी गेल्या साली म्या टाळ्या वाजवल्या,” ती म्हणाली, “त्या बरोबरच हुत्या की.”