शहापूर ते सानगडी, मासोळ्यांच्या पिल्लांसोबत

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला सकाळी एसटीतून उतरलो, तर समोरच्या गॅरेजपुढे सुरेशभाऊंचा ट्रक उभा आणि त्याच्यामागे निळ्या टाक्यांचा ट्रेलर. सुरेशभाऊ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मेहुणे. मासोळ्यांचं बीज, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, ते भंडारा जिल्ह्यातल्या तलावांवर पोचवतात. टाक्यांत हवा सोडणारे पंप आजवर एका लहरी जनरेटरवर चालत. आता दोन जादा बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बसवायचा होता. मी मिरजेचा, तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेला. मला नुसतं बघायला बोलावलं होतं. पण गप्प बसेन तर मी कसला!

गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन मोरेश्वर बॅटऱ्या ट्रेलरमध्येच, इन्व्हर्टरशेजारी ठेवत होता. सुरेशभाऊ चहा सांगायला गेले होते.

"इथे पाणी उडेल," मी म्हटलं. "बॅटऱ्या केबिनमागच्या पेटीत ठेवा. कुलूपही लागेल."

"वायर लंबी होऊन राहिली न जी, सर."

"अहो, पंचवीस फुटांनी काय होतंय? हे शिकवण्यात माझे केस पांढरे झाले."

माझा आवाज चढला, तसा त्यानं पाना उचलला. माझ्या मनासारखं करून दिलं, इंजिन चालू करून पंप लावले. टाक्यांत बुडबुडे उसळले आणि मी ऐटीत चहा प्यालो.

बीज केंद्रावर पिल्लं भरली. तिथे गीताबाई गाडीत चढल्या, सानगडीच्या महिला बचतगटाच्या अध्यक्ष. गटानं यंदा पहिल्यांदाच गावचा तलाव मासळीसाठी घेतला होता.

"हे बीज मेलं त सालभर तलाव खाली राहीन, सर," त्या म्हणाल्या. "आन् बायकाइले काय जमते म्हणणारे गावात टपूनच बसले हायेत."

वैनगंगेचा पूल ओलांडला. नदी गढूळ, काठोकाठ. पुढे दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) आणि त्यांत रोवणा (भाताची लावणी) करणाऱ्या बायका. इतका हिरवा रंग आमच्याकडे उसाच्या पट्ट्यातही दिसत नाही. मी काचेला नाक लावून बसलो होतो.

लाखनीला लाखोरीचे वडे (लाख डाळीचे) तळताना दिसले. मी म्हटलं, थांबूया की! सुरेशभाऊंनी इंजिन बंद केलं. वडे खमंग होते, मी आणखी एक प्लेट मागवली. हॉटेलातल्या गोंगाटात मागचं काही ऐकूच आलं नाही.

परत आलो तर पंप बंद. इन्व्हर्टर टूं टूं करत होता आणि टाक्यांत सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.

"बाप्पा!" सुरेशभाऊ ट्रेलरवर चढले आणि दोन्ही हातांनी पाणी थापटायला लागले. हवा मिसळायची ही जुनी रीत. गीताबाई पदर खोचून दुसऱ्या टाकीवर चढल्या आणि माझ्यावर ओरडल्या,

"सर, पाहत कायले राहिले? हात टाका न!"

पाणी थापटता थापटता माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात दोनशेतीस व्होल्ट असतात, तिथे पंचवीस फूट वायरीचं काही वाटत नाही. इथे बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत फक्त बारा. एवढ्या लांब वायरीतच जोर संपतो. इंजिन चालू असताना गाडीचा डायनामो जोर पुरवत होता म्हणून ते झाकलं गेलं, बंद होताच उघडं पडलं. पहिल्या वर्षाच्या पोराला मी यावर नापास केलं असतं. लाज वाटली हो, फार लाज वाटली. बॅटऱ्या मीच उचलून ट्रेलरमध्ये आणल्या, हातभर वायरीवर जोडल्या. पंप सुरू झाले, पण काही पिल्लं उलटी तरंगायला लागलीच होती.

सानगडीच्या पाळीवर (तलावाच्या बांधावर) गटाच्या बायका वाट पाहत होत्या. त्या चाळणीनं मेलेली पिल्लं काढायला लागल्या. सुरेशभाऊंनी मोरेश्वरला फोन लावला. "काहून रे, कसा काम केलास? बायकाइचा बीज मारलास तू!" "हो जी, भाऊ," एवढंच पलीकडून ऐकू आलं. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. बॅटऱ्या पेटीत कुणी ठेवायला लावल्या, ते इथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी संध्याकाळी निघून जाणार होतो.

पण मोरेश्वर माझं नाव घेत नव्हता. ते मला सोसवेना. मी फोन मागून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मोरेश्वर, चूक माझी. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"जाऊ द्या जी, सर," तो म्हणाला. "पिल्लं किती वाचली, थे सांगा."

पाऊण बीज वाचलं होतं. गीताबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "येवढं शिकून बी?" म्हणाल्या, आणि चाळणी माझ्या हातात दिली. उरलेली पिल्लं तलावात सुटेपर्यंत मी पाण्यात उभा होतो.

परतीच्या गाडीत झोप काही येईना. मोरेश्वर एकदा बोलला आणि माझा आवाज चढल्यावर गप्प झाला. तीस वर्षांत माझ्या वर्गात अशी किती पोरं एकदाच बोलून खाली बसली असतील? मी तर त्यांना शहाणी, ऐकणारी पोरं म्हणत आलो.